विजोड मूठ

दिवाळी अंकासाठी एखादा टीकालेख लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी जरा बावरलोच. तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत हे खरे. पण मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला चित्रकलेचा मास्तर. टीका हे विद्वानांचे काम, अशी माझी समजूत. शिवाय आपल्याकडे टीकेचे विषयही ठरून गेलेले आहेत. कविता असावी, नाटक असावे, फार तर एखादे चित्रप्रदर्शन असावे. मी ज्या वस्तूविषयी लिहिणार आहे ती या यादीत बसत नाही. ती वस्तू म्हणजे खिशात ठेवण्याचा मिटता चाकू, आणि त्यातही त्याची मूठ. परंतु गेली दोन वर्षे एका चाकूच्या मुठीने माझ्याशी जो वाद घातला तो टीकेचाच वाद होता, आणि त्यात मी अर्धाअधिक हरलो. हरलेल्या माणसाने आपली बाजू तरी नीट मांडावी, म्हणून हा प्रपंच.

माझा एक जुना विद्यार्थी शिकायला म्हणून इंग्लंडात शेफील्डला गेला. सुरी-कात्रीच्या धंद्याचे ते शेकडो वर्षांचे गाव. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने माझ्यासाठी तिथल्या एका कारागिराकडून करवून घेतलेला चाकू आणला. मी वर्गात पेन्सिली चाकूनेच तासतो, हे त्याच्या लक्षात राहिले होते. पाते जेमतेम अडीच इंचांचे. इंग्लंडात १९८८ च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, उघडल्यावर खटका पडून अडकून न बसणारा मिटता चाकू विनाकारणही जवळ बाळगता येतो. त्यामुळे हा जुना घाट तिथे अजून टिकून आहे. पाठीशी पोलादी कमान. ती पात्याला उघड्या आणि मिटल्या अवस्थेत दाबून धरते. दोहो अंगांना पितळेचे पातळ पत्रे, पाते जिथे फिरते तिथे धातूची जाड टोपी, आणि पत्र्यांवर मुठीच्या दोन पट्ट्या. रचना अगदी पारंपरिक. फक्त या दोन पट्ट्या एकमेकींच्या नव्हत्या. एक मेंढ्याच्या शिंगाची, मधासारख्या रंगाची, आतून उजेड झिरपावा अशी. दुसरी कार्बन फायबरची, म्हणजे कार्बनचे काळेभोर तंतू विणून राळेत गोठवलेली.

"कसा वाटला, सर?"

मी चाकू उलटापालटा करून पाहिला आणि म्हणालो, "पाते उत्तम आहे. मूठ विजोड आहे."

पोराचा चेहरा उतरला. "मुद्दामच तसा करून घेतलाय, सर," एवढेच तो म्हणाला. वर्गात मुलाच्या चित्रावर लाल रेघ ओढावी तशी मी ती ओढली होती, आणि ती ओढताना मला आनंदही झाला होता, हे इथे कबूल केले पाहिजे.

माझ्या मताला आधार नव्हता असे नाही. जुन्या चाकूंत मुठीच्या दोन्ही पट्ट्या शक्यतो एकाच शिंगाच्या असत. यातली मेहनत सांबरशिंगात कळते. आपल्या सह्याद्रीतही हिंडणारे जे सांबर, त्याची गळून पडलेली शिंगे एके काळी भारतातून शेफील्डला, जर्मनीत झोलिंगेनला आणि अमेरिकेला जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही निर्यात बंद झाली. सांबरशिंगाचे दोन तुकडे सारखे कधीच नसतात. खरबरीत साल, तिचा उंचसखलपणा, तपकिरीतून पांढऱ्याकडे जाणारा रंग हे सगळे जुळवून जोडी लावायची म्हणजे शंभर तुकड्यांतून दोन निवडायचे. अशी जोडी लागली की चाकू हातात घेताना तो दोन तुकड्यांचा आहे हे मन विसरते. आपल्याकडे अशाच मेळाला मणिकांचनयोग म्हणतात. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याचा विचार मांडला, आणि कमरेची मेखला गळ्यात घातली तर अलंकारही हास्यास्पद होतो, असा दाखला दिला. शिंगाशेजारी कार्बन फायबर म्हणजे गळ्यातली मेखलाच, असे मी मनाशी ठरवून टाकले.

त्या रात्री नवा चाकू ठेवण्यासाठी कपाटाचा खण उघडला, तर आत आजोबांचा चाकू होता.

आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. सैन्यातला तो चाकू त्यांच्याबरोबर पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आला. जाडजूड पाते, डबा फोडण्याचे हत्यार, दोरखंडाची गाठ सैल करण्याची अणकुचीदार सळई, आणि काळ्या मुठीवर हातातून निसटू नये म्हणून कोरलेल्या बारीक चौकड्या. यातली एका अंगाची काळी पट्टी फुटली तेव्हा गावच्या सुताराने तिच्या जागी बाभळीची पट्टी बसवली. नांगराला जे लाकूड लागते तेच. ती काळी नाही, तिच्यावर चौकड्या नाहीत, आणि तांब्याच्या तारेचे चार खिळे तिच्या तोंडावर सरळ दिसतात. एक तर रेषेबाहेरच गेला आहे. दरवर्षी खंडेनवमीला हा चाकू पुजला जातो. लहानपणापासून मी तो पाहत आलो, आणि त्याला कधीही विजोड म्हटले नाही.

दोन चाकू शेजारी ठेवले तेव्हा माझी पंचाईत झाली. दुपारी जो नियम मी दुसऱ्याच्या चाकूला लावला तो घरच्या चाकूला लावायला मन धजेना. अशा वेळी टीकाकाराला दोनच प्रामाणिक वाटा असतात. नियम दोघांना लावावा, नाही तर मागे घ्यावा. तिसरी वाट सोयीची असते, आणि माझे पाय आधी तिकडेच वळले. आजोबांच्या चाकूचा विजोडपणा गरजेतून आला, विद्यार्थ्याच्या चाकूचा हौसेतून आला. म्हणून पहिला खरा आणि दुसरा खोटा. हे उत्तर ऐकायला गोड आहे. आपल्या समीक्षेत ते पुष्कळदा दिले जाते. लेखकाने सोसले किती हे पाहून पुस्तकाचे मोल ठरवायचे, ही त्याचीच तऱ्हा. पण गरजेतून केलेले काम वाईट असू शकते आणि हौसेतून केलेले चांगले असू शकते. फडके आणि खांडेकर यांच्या काळातल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी' या वादाचा निकालही हेतू तपासून लागला नव्हता. वस्तूचा न्याय वस्तूकडे पाहूनच केला पाहिजे.

मग मी मर्ढेकर उघडले. 'सौंदर्य आणि साहित्य' हे त्यांचे पुस्तक १९५५ सालचे. ते मला सगळे समजते असा माझा दावा नाही. पण लयीचे जे तीन प्रकार ते सांगतात, संवाद, विरोध आणि समतोल, ते चित्रकलेच्या मास्तराला चटकन उमगतात. सांबरशिंगाची जुळवलेली जोडी म्हणजे संवादलय. मग मधाळ शिंग आणि काळे विणकाम ही विरोधलय का नसावी? रंगाच्या पेटीत मी स्वतः मुलांना पिवळ्याशेजारी जांभळा ठेवायला शिकवतो. तेव्हा केवळ डोळ्याच्या साक्षीने या चाकूला दोषी ठरवता येणार नाही, हे मला मान्य करावे लागले. चाकूचे दोन्ही पृष्ठभाग एका वेळी दिसतही नाहीत. एक दिसतो तेव्हा दुसरा तळहाताला कळतो.

यातून मला असे वाटू लागले की विजोडपणा हा एक शब्द असला तरी त्याखाली निदान तीन निरनिराळे दोष आपण कोंबतो.

पहिला डोळ्याचा. दोन पदार्थ एकमेकांसारखे दिसत नाहीत, किंवा या घाटाच्या चाकूला हा पदार्थ शोभत नाही. याला मी आता दोषच म्हणत नाही. आज जिला परंपरा म्हणून आपण डोक्यावर घेतो तिचा बराचसा भाग असल्या बदलीच्या मालातूनच घडला आहे. सांबरशिंग महाग, म्हणून गुरांच्या हाडावर खाचा पाडून, ते रंगवून शिंगाची नक्कल करण्यात आली; आणि शंभर-दीडशे वर्षांत ती नक्कल इतकी रुळली की आज संग्राहक त्या खाचांच्याच तऱ्हा मोजतात. १८९१ साली स्वित्झर्लंडच्या सैनिकाला मिळालेल्या चाकूची मूठ काळसर ओकच्या लाकडाची होती. १९०८ च्या नमुन्यात लाकूड जाऊन फायबर आले. ते पाहून त्या काळी कुणी नाक मुरडले असेल, तर आज त्याची आठवण कुणाला नाही. हस्तिदंताची तर वाटच बुजली. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत-कायदा २०२२ पासून अमलात आला, आणि मोजके अपवाद सोडले तर खरेदी-विक्री बंद झाली. पदार्थ जातात आणि नवे येतात. प्रत्येक नवा पदार्थ पहिल्या दिवशी विजोडच दिसतो.

दुसरा दोष हाताचा. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने नॉरफोक नावाचा चाकू केला. त्याला पंचाहत्तर पाती आणि कोरीव शिंपल्याची मूठ. मूठ आणि पाती यांची श्रीमंती सारखीच. डोळ्याला काही खटकत नाही. पण तो खिशात मावत नाही आणि हातात पेलत नाही. आपल्याकडे २०२३ साली रामपुरात तिथल्या प्रसिद्ध चाकूची वीस फुटी प्रतिकृती चौकात उभी केली. स्मारक म्हणून ती असू द्या. पण मुठीत न मावणारी मूठ ही मुठीची प्रतिमा झाली, मूठ नव्हे. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, असे आपण म्हणतो. ती कोणी भाजी चिरायलाही घेत नाही.

तिसरा दोष स्वभावाचा, आणि तो दुकानात दिसत नाही. १८६९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हस्तिदंती बिलियर्ड-चेंडूला पर्याय शोधत असताना सेल्युलॉइड पुढे आले. थोड्याच काळात चाकूवाल्यांनी ते उचलले. हस्तिदंत म्हणा, कासवाची पाठ म्हणा, शिंपला म्हणा, हवे ते सोंग ते वठवी. परंतु जुने होऊ लागले की सेल्युलॉइड विरू लागते, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो, आणि मिटलेल्या मुठीत झोपलेले पोलादी पाते गंजून जाते. दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या, एकाच तुकड्याच्या. मेळ इतका की दृष्ट लागावी. आणि तीच मूठ आपल्या पात्याला खात असते. याहून विजोड काही असेल असे मला वाटत नाही, पण विकत घेताना त्याला विजोड कोण म्हणणार?

या तिसऱ्या दोषाच्या सौम्य तऱ्हाही आहेत आणि लोक त्यांच्याशी जमवून घेतात. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात १८९० पासून होत असलेल्या ओपिनेल चाकूची मूठ बीचच्या लाकडाची. ती भिजली की फुगते आणि पाते आत अडकून बसते. तिथला माणूस मुठीचे बूड कशावर तरी ठोकतो, पाते थोडे बाहेर डोकावते, आणि तो ते ओढून काढतो. नवराबायकोतल्या एखाद्या जुन्या भांडणासारखे हे आहे. दोघांनाही तोड ठाऊक असते.

नव्या चाकूचा निवाडा पुढच्या पावसाळ्याने केला. आमच्याकडे मे महिन्यात भिंतीचा चुना उडतो आणि जुलैत त्याच भिंतीला बुरशी धरते. शिंग हा ओल पिणारा पदार्थ आहे. हवेतल्या ओलीबरोबर ते फुगते, उन्हात आकसते, कडेने वर वळते. कार्बन फायबरला ऋतू नाहीत. ऑगस्टात एका सकाळी पेन्सिल तासताना बोटाला काही टोचले. पाहतो तो शिंगाची पट्टी शेपटाकडून नखभर उचलली गेली होती. दुसरे अंग होते तसेच चकचकीत.

'मी म्हणत नव्हतो?' असे म्हणून मला मोकळे होता आले असते. मी फोन करून त्या मुलाला सांगितलेही. तो शांतपणे म्हणाला, "सर, कारागिराने तो तिकडच्या हवेसाठी केला होता. आपल्याकडच्या मे-जूनचा त्याने विचार केला नसणार." हे त्याचे म्हणणे न्यायाचे होते. शिवाय शिंगाची मूठ आपल्या हवेत टिकतच नाही असेही नाही. म्हशीच्या शिंगाच्या मुठी याच हवेत माणसांनी वापरल्या आहेत. मग चूक नेमकी कुठे होती? भिंग घेऊन पाहिले तेव्हा ती सापडली. पट्ट्यांवर एकही खिळा दिसत नव्हता. त्या नितळ काळ्या विणकामावर खिळ्याचे डोके दिसू नये म्हणून दोन्ही पट्ट्या डिंकासारख्या पक्क्या चिकट द्रव्याने बसवल्या होत्या, आणि काळ्या बाजूशी जुळावे म्हणून शिंगालाही तेच केले होते. ज्या पदार्थाला हालचाल करायची आहे त्याला नुसत्या चिकटवण्यावर ठेवले. दोन्ही बाजूंना एकच न्याय लावायला गेला आणि तिथेच त्याची फसगत झाली.

आजोबांच्या चाकूवरची बाभूळही आकसली आहे. टोपीपाशी तिच्यात केसभर फट आहे. पण चार खिळ्यांनी ती धरून ठेवली आहे. सुताराने सांधा लपवला नाही. दोन पदार्थ वेगळे आहेत आणि ते इथे जोडले आहेत, हे त्याने उघड ठेवले. आमच्याकडच्या बायका गोधडी शिवतात तेव्हा हेच करतात. लुगडे, धोतर, सदरा, परकर, कशाचा कशाशी मेळ नसतो. पण कडेपासून कडेपर्यंत धावदोरा फिरतो आणि तो सगळ्यांना दिसतो. गोधडीला कोणी विजोड म्हणत नाही.

तेव्हा माझा दुपारचा शब्द मी मागे घेतला, आणि निराळ्या कारणासाठी पुन्हा वापरला. शिंग आणि कार्बन फायबर विजोड नव्हते. सांधा विजोड होता. सेल्युलॉइडसारखे काही पदार्थ असे असतात की कोणताही सांधा त्यांना तारणार नाही. ते ओळखावेत आणि पात्यापासून दूर ठेवावेत. बाकीच्यांच्या बाबतीत 'हे दोन शोभतात का' यापेक्षा 'हे दोन कशाने धरले आहेत' असे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

हे सगळे मी चाकूविषयी बोलत होतो असे मला बराच काळ वाटत होते. माझी दुसरी कादंबरी निघाली तेव्हा एका परीक्षणकर्त्याने लिहिले होते की, हिच्यातले संवाद पाटणच्या बोलीत आणि निवेदन क्रमिक पुस्तकाच्या मराठीत. दोन्ही एकमेकांना शोभत नाहीत. मला त्याचा फार राग आला. बोलीला नाके मुरडणारा शहरी माणूस, असा शिक्का मारून मी मोकळा झालो, आणि पुढे वर्षानुवर्षे भेटेल त्याला सांगत राहिलो की बोली आणि प्रमाण मराठी यांचा मेळ बसतोच. मेळ बसतो हे आजही माझे मत आहे. आपल्याकडे तो अनेकांनी बसवून दाखवला आहे. पण माझ्या कादंबरीत तो बसला नव्हता, हे त्या परीक्षणकर्त्याला दिसले होते. फक्त त्याचे कारण त्याने चुकीचे दिले आणि मी त्या चुकीच्या कारणाशीच भांडत बसलो.

कारण असे होते. ती गोष्ट सांगणारा माणूस त्याच गावात जन्मलेला, चार बुके शिकून मास्तर झालेला, आणि आता गावाशी गावच्या बोलीत बोलायला जीभ अडखळणारा असा होता. म्हणजे मीच होतो. पुस्तकी मराठी त्याने कमावलेली, बोली त्याच्याकडून निसटत चाललेली. हे सांगितले असते तर दोन भाषा एका माणसाच्या दोन बाजू म्हणून उभ्या राहिल्या असत्या. पण मला त्याची लाज वाटली. म्हणून मी सांगणाऱ्यालाच कादंबरीतून काढून टाकले, आणि निवेदन कोणाचेच नाही अशा थाटात, नितळ करून लिहिले. खिळ्याचे डोके दिसू नये म्हणून. आज ते पुस्तक उघडले की प्रत्येक संवादानंतर पट्टी नखभर उचललेली बोटाला लागते.

मुलाने या वर्षी चाकू परत नेऊन दुरुस्त करून आणतो असे सांगितले. मी नको म्हटले. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुना कारागीर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देतो, त्याच्याकडे नेला. त्याने शिंगाची पट्टी गरम पाण्याच्या वाफेवर धरून सरळ केली, दोन भोके पाडली आणि पितळेचे दोन खिळे ठोकले. पलीकडच्या काळ्या अंगावर त्यांची टोके ठोकून बसवताना तो म्हणाला, "मास्तर, इकडून दिसतील बरं का."

"दिसू देत," मी म्हणालो.

या खंडेनवमीला दोन्ही चाकू पाटावर होते. तिसऱ्या कादंबरीनंतर हाती घेतलेले हस्तलिखित मी गणेशोत्सवात बाजूला ठेवले होते. ते दसऱ्यानंतर पुन्हा काढले आहे, आणि पहिल्या प्रकरणात मास्तराला परत आणून बसवतो आहे.